घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपतात. त्यात एक तरी घोरणारा असतोच. आधी त्याची थट्टा होते, मग पोरे कानावर उशी घेतात, आणि काही वर्षांनी सगळ्या घरालाच त्या आवाजाची सवय होते. "दिवसभर मरमर काम करतो, म्हणून गाढ झोपलाय," असे म्हणून आपण कूस बदलतो. मीसुद्धा असेच समजत होते. वॉर्डात रात्रपाळी करताना मोठ्याने घोरणाऱ्या पेशंटच्या कागदावर "रात्री झोप चांगली लागली" अशी नोंद मी कितीतरी वेळा केली आहे. त्यातले काहीजण झोपेत नव्हे, झगड्यात होते, हे मला फार उशिरा कळले. म्हणून या महिन्याचा धडा घोरण्यावर.

आमच्या गल्लीत एक टेम्पोचालक दादा आहेत. वय चव्वेचाळीस, मान जाड, पोट सुटलेले, बीपीच्या दोन गोळ्या चालू. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा डोळा लागायचा. मालक म्हणायचा, "हा सकाळीच पिऊन येतो." दादांनी दारू सोडून सहा वर्षे झाली होती. घरी जेवता जेवता डुलकी, मुलाच्या शाळेच्या सभेत डुलकी. नातेवाईक आळशी म्हणत. एका पहाटे महामार्गावर टेम्पो दुभाजकाला घासत गेला, तेव्हा वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या. मी विचारले, "रात्री झोपतात कसे?" त्या म्हणाल्या, "सिस्टर, मोठ्याने घोरतात आणि मधेच एकदम गप्प होतात. मी हलवते, तेव्हा हिसका देऊन श्वास घेतात. मला रात्रभर झोप नाही. वाटतं, आज हे उठतात की नाही."

वहिनींनी आजाराचे नाव कधी ऐकले नव्हते, पण आजार त्यांनी अचूक ओळखला होता. त्या आजाराचे नाव स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार.

घशात नेमके काय होते

आपण झोपलो की शरीराचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भागही सैल होतो. ज्यांच्या घशाची वाट आधीच अरुंद आहे, त्यांची वाट यामुळे आणखी आवळते. अरुंद वाटेतून हवा जाताना जो थरथराट होतो, ते घोरणे. वाट पूर्णच मिटली की आवाज बंद होतो, कारण हवाच जात नाही. छाती-पोट हलत राहते, पण श्वास आत येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, हिसका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही.

असा श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडला, तर ती एक घटना धरतात. घसा पूर्ण मिटला नाही, पण श्वास फार कमी झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तीही मोजतात. मोठ्या माणसात तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० च्या वर म्हणजे तीव्र. तासाला ३० वेळा म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. कोणी रात्रभर दर दोन मिनिटांनी आपले तोंड दाबून सोडले, तर सकाळी आपण कसे उठू? आणि दर वेळी हृदयाला धक्का बसतो, बीपी चढतो. म्हणून या आजारात बीपी गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, शुगर आटोक्यात राहत नाही. वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत तर एका डुलकीत त्याचा आणि दुसऱ्याचाही जीव जाऊ शकतो.

वजन वाढलेल्यांना हा आजार जास्त होतो, पण तो फक्त जाड्यांचा आजार नाही. जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, नाक कायम चोंदलेले असेल, थायरॉईड कमी असेल, तर बारीक माणसालाही होतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात.

आठ प्रश्न विचारा

डॉक्टर मंडळी यासाठी आठ प्रश्नांची एक यादी वापरतात. घरच्या घरी उत्तरे काढा. प्रत्येक "हो" ला एक गुण.

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल एवढे मोठे घोरणे आहे का?
२. दिवसा थकवा, पेंग, डुलक्या येतात का?
३. झोपेत श्वास थांबताना किंवा गुदमरताना कोणी पाहिले आहे का?
४. बीपी आहे का, किंवा त्याची गोळी चालू आहे का?
५. वजन खूप जास्त आहे का? (उंची पाच फूट तीन इंच असेल, तर साधारण ९० किलोच्या वर.)
६. वय ५० च्या वर आहे का?
७. मानेचा घेर पुरुषात १७ इंच, बाईत १६ इंच किंवा जास्त आहे का? शिंप्याच्या टेपने मोजा.
८. पुरुष आहे का?

दोनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, तीन-चार म्हणजे मध्यम, पाच आणि पुढे म्हणजे जास्त. टेम्पोवाल्या दादांचे गुण सहा आले. पण गुण कमी आले तरी श्वास थांबताना कोणी पाहिले असेल, तर डॉक्टरांकडे जाच. प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार नसतो, हेही खरे. म्हणून तर तपासणी हवी.

सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे, चिडचिड, विसराळूपणा याही त्याच्या खुणा आहेत. रात्री वारंवार लघवी म्हणजे शुगरच, असे धरून बसू नका.

बायका आणि मुले

या यादीत पुरुषाला एक गुण आहे, बाईला नाही. म्हणून बायकांना हा आजार होत नाही असे नव्हे. पाळी गेल्यावर बायकांमध्येही तो वाढतो. बाई घोरते हे सांगायला तिलाच लाज वाटते. आणि नवऱ्याच्या झोपेवर बायको जशी पहारा देते, तसा तिच्या झोपेवर कोण देतो? बाईची तक्रार बहुधा वेगळी असते: झोप लागत नाही, सकाळी डोके जड, अंगात त्राण नाही, मन उदास. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, कधी झोपेची गोळी मिळते, घोरण्याबद्दल कोणी विचारत नाही. गरोदरपणात नव्याने मोठे घोरणे सुरू झाले आणि बीपी वाढला, तर ती गोष्ट एएनएम ताईंना जरूर सांगा.

रात्री गुदमरून दचकून उठणाऱ्या बाईला "बाहेरचं झालंय" म्हणून लिंबू उतरवणारे अजून आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढले. घशाची वाट मिटते, त्याला लिंबू काय करणार?

दोन ते आठ वर्षांच्या मुलांत टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड वाढल्याने हा आजार होतो. मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, घामाघूम होते, अंथरूण ओले करते. मोठी माणसे पेंगतात, पण मूल उलट चंचल होते, वर्गात लक्ष लागत नाही. बाई म्हणतात "मस्तीखोर", आपण दोन धपाटे घालतो. रोज घोरणाऱ्या मुलाला मारू नका, कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. बहुतेक मुलांत टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडच्या ऑपरेशनने चांगला फरक पडतो.

तपासणी कुठे आणि कशी

पहिली पायरी म्हणजे मोबाईल. माणूस झोपल्यावर त्याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण करा. घोरणे, मग शांतता, मग हिसका, एवढे दिसले पाहिजे. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटे मिळतात. हे चित्रण त्या दोन मिनिटांत बरेच काम करते. शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसानेच सोबत जावे.

दुसरी पायरी, मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या सरकारी, पालिका रुग्णालयात केसपेपर काढून श्वसनविकार म्हणजे चेस्ट विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात जाणे. तिथे स्पष्ट शब्दांत सांगा: "झोपेत श्वास थांबतो, स्लीप स्टडी करायची आहे का, ते तपासा." नुसते "थकवा येतो" म्हटले, तर टॉनिक मिळेल. नाक, घसा, वजन, बीपी बघतील. शुगर आणि थायरॉईडही तपासून घ्या.

कोविडच्या काळात अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. दिवसा त्यात ९८ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. जागेपणी घसा उघडाच असतो.

स्लीप स्टडी दोन प्रकारची असते. पहिली घरी करायची. एक लहान यंत्र छातीवर पट्ट्याने बांधतात, नाकाशी बारीक नळी, बोटाला क्लिप. एक रात्र झोपायचे आणि सकाळी यंत्र परत करायचे. दुसरी रुग्णालयातली. डोके, डोळ्यांजवळ, हनुवटी, छाती आणि पाय यांवर तारा चिकटवतात आणि तंत्रज्ञ रात्रभर लक्ष ठेवतात. यात सुई नाही, शॉक नाही, दुखत काहीच नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, किंवा घरच्या तपासणीत काही निघाले नाही पण त्रास मात्र स्पष्ट आहे, तर रुग्णालयातली तपासणी लागते. तिथे काही वेळा अर्ध्या रात्री निदान आणि उरलेल्या रात्री मशीनचा दाब ठरवणे, असे दोन्ही एकाच रात्रीत होते. हे होईल का, विचारून घ्या; दुसऱ्या रात्रीचा खर्च वाचतो.

तपासणीच्या दिवशी केस धुवा, पण तेल लावू नका. तेलाने तारा सुटतात. नखांना नेलपॉलिश नको. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा, दारू तर नकोच. रोजच्या गोळ्या मात्र चुकवू नका आणि त्यांची यादी सोबत न्या.

रिपोर्ट आला की दोन आकडे विचारा. एक, तासाला किती घटना (याला एएचआय म्हणतात). दोन, ऑक्सिजन सर्वांत खाली कितीवर गेला. हे आकडे तुमचे आहेत, रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. दादांच्या रिपोर्टात तासाला ४६ घटना होत्या आणि ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरला होता. तो कागद पाहून वहिनी एवढेच म्हणाल्या, "म्हणजे मला भास होत नव्हता."

उपचार

सौम्य आजारात आधी साध्या गोष्टी करतात. उताणे न झोपता कुशीवर झोपायचे. सदऱ्याच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला, की माणूस आपोआप कुशीवर वळतो. नाकाच्या अ‍ॅलर्जीचे औषध घ्यायचे. तंबाखू, विडी सोडायची. दारूच्या बाबतीत आपले पाचवे शील आणि घशाचा डॉक्टर एकच गोष्ट सांगतात. वजन जास्त असेल तर दहा टक्के तरी उतरवायचे, म्हणजे ९० किलोच्या माणसाने ९ किलो. त्याने घटना साधारण पाव हिश्शाने कमी होतात. दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे एक साधन बनवतात. सौम्य ते मध्यम आजारात ते चालते. सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करा. काहींना नाकाचे किंवा घशाचे ऑपरेशन लागते, पण ते सगळ्यांसाठी नाही.

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे मांडले. खोलीतलीच हवा मशीन थोड्या दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडते आणि त्या हवेच्या आधाराने घसा उघडा राहतो. हे ऑक्सिजनचे मशीन नव्हे आणि शेवटच्या अवस्थेची खूणही नव्हे. शेजारी काहीही बोलोत. चष्म्यासारखे समजा: लावला तेवढा वेळ दिसते, म्हणून रोज रात्री, पूर्ण झोपभर लावायचे.

खरे सांगायचे तर पहिले दोन आठवडे अवघड जातात. दादांनी तिसऱ्या रात्री मास्क भिंतीवर फेकला. उपाय आहेत. दिवसा टीव्ही बघताना वीस मिनिटे मास्क लावून सवय करा. हवा डोळ्यांत येत असेल, तर मास्कचा आकार चुकला आहे, बदलून मागा. पट्टे करकचून आवळणे हा उपाय नाही. नाक कोरडे पडत असेल, तर पाण्याची वाटी असलेला ह्युमिडिफायर लावा, त्यात डिस्टिल्ड पाणी घाला. तोंड उघडे राहत असेल, तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. मास्क रोज पुसा, नळी आठवड्याला साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा, धुळीच्या वस्तीत फिल्टर लवकर काळा पडतो तो बदला. दिवसा सगळे पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे झुरळ शिरणार नाही. लाइट गेली आणि मशीन बंद पडले, तर मास्क काढून झोपा.

पैशाचे काय?

आपला खरा प्रश्न हाच. दाब आपोआप कमी-जास्त करणारे मशीन साधारण ३० ते ६० हजारांत पडते, मास्क वेगळा. म्हणून लगेच विकत घेऊ नका. आधी महिनाभर भाड्याने घ्या. मशीन किती तास वापरले, याची नोंद त्यातच राहते. ती डॉक्टरांना दाखवा. जमते आहे असे दिसले, तरच खरेदी. रुग्णालयाबाहेर भेटणाऱ्या एकाच विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, पक्के बिल आणि वॉरंटी घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला दाब चिठ्ठीवर हवाच.

जुने मशीन घेत असाल तर जपून. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली अनेक जुनी मशीन जगभरातून परत मागवली होती, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. मॉडेलचे नाव आणि नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय घेऊ नका. मास्क, नळी आणि फिल्टर नेहमी नवेच घ्या.

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक बसतात. त्यांना भेटा, ट्रस्टकडून मदत मिळवण्याचे अर्ज ते करून देतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. रात्रभराच्या तपासणीला तिथे सवलत मागा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार सोबत ठेवा. ई.एस.आय. कार्ड असलेल्यांनी, पालिका किंवा रेल्वेत नोकरी असलेल्यांनी खरेदीआधी लेखी मंजुरी मागावी. बिल झाल्यावर धावाधाव करू नये. दादांचे मशीन वहिनींच्या बचत गटाच्या कर्जातून आले. हप्ता अजून चालू आहे. पण टेम्पोही चालू आहे.

हे करू नका

झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका. घोरणाऱ्याला ती घातक ठरू शकते. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कसलेही ऑपरेशन असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराबद्दल आधी सांगा आणि मशीन सोबत न्या. उपचार सुरू होईपर्यंत रात्रीचे, लांबचे ड्रायव्हिंग टाळा. हातावर पोट असलेल्याला हे सांगणे सोपे नाही, मला माहीत आहे. निदान पेंग आली की गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपा. खिडकी उघडून किंवा तंबाखू मळून पेंग जात नाही.

कोणी विचारतात, "ताई, आनापान केले तर बरे होईल का?" आनापानाने मन शांत होते, जरूर करा. पण घसा मिटतो तो झोपेत, आपले भान नसताना. तिथे हवेचा दाबच लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

घरात घोरणारे कोण, हे ठरवा आणि त्याचे आठ प्रश्न सोडवा. एका रात्री त्याचे चित्रण करा. रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेप आणि बीपीचे मशीन ठेवा. मान आणि बीपी मोजायला अर्धा तास पुरतो. वस्तीतले ड्रायव्हर, वॉचमन, रात्रपाळीचे सफाई कामगार यांना आधी बसवा. ज्यांचे गुण पाच किंवा जास्त आहेत, त्यांना एकेकटे न पाठवता चार-पाच जण मिळून ओपीडीला जा.

दादा आता सिग्नलला जागे असतात. वजन फारसे उतरलेले नाही, बीपीच्या गोळ्याही चालूच आहेत. मशीनचा बारीक आवाज येतो, पण वहिनी म्हणतात, "त्या आवाजात मला झोप लागते." आठ वर्षे त्या नवऱ्याच्या श्वासावर पहारा देत होत्या. तुमच्या घरातही कोणी असा पहारा देत असेल, तर आज तिला विचारा, ती रात्री काय ऐकते.